पालथ्या होडीचा वैशाख

वैशाखात आमची वेदगंगा अंग चोरून वाहते. एरवी पाण्याखाली असलेले दगड वर येतात, त्यांच्यावरचं शेवाळ वाळून पापडासारखं सुटतं, आणि काठावरच्या बाभळींच्या शेंगा शेळ्यांच्या पायाखाली खुळखुळत राहतात. निपाणीकडून वारा आला तर त्याला तंबाखूचा वास असतो. लहानपणी हा वास मला वाऱ्याआधी आईच्या लुगड्यातून यायचा. ती पल्याडच्या वखारीत तंबाखू निवडायला जायची. संध्याकाळी घरी आली की आधी अंगणात उभी राहून पदर झटकायची, आणि आम्ही दोघंही शिंकायचो.

मी आता खानापुरात शिकवतो. तिथला वैशाख वेगळा आहे. झाडं जवळ आहेत, फणसाचा वास आहे, दुपार आमच्याकडच्यासारखी टाळूवर बसत नाही. पण सुट्टी लागली की माझ्या मनात पहिल्यांदा येते ती काठावर पालथी घातलेली फायबरची होडी, आणि तिच्या मागच्या फळीत, बुडाच्या जरा वर असलेलं रुपयाएवढं एक भोक.

त्या भोकाला आम्ही मोरी म्हणायचो. होडी काठावर ओढली की मोरीचं बूच काढायचं, पुढचं टोक उचलून धरायचं, म्हणजे आत साठलेलं पाणी वाहून जातं. होडी पाण्यात घालताना बूच परत लावायचं. एवढंच त्या भोकाचं काम. एवढ्याशा भोकानं माझी पंधरा वर्षं खाल्ली, हे मला या वैशाखापर्यंत माहीत नव्हतं. म्हणजे खाल्ली हे माहीत होतं. कुणी खाऊ घातली, ते नव्हतं.

गावाची होडी आप्पा चालवायचे. ते आमच्या नात्यातले नव्हेत, पण सगळं गाव त्यांना आप्पाच म्हणतं. त्यांची पहिली होडी लाकडाची होती. दर वैशाखात ते फळ्यांच्या सांध्यांत ताग ठासून वरून डांबर ओतायचे. त्यांचा एक नियम होता: लाकूड पाण्यात फुगतं, आणि फुगलं की बसतं. होडी पाण्यात घातल्यावर पहिले दोन दिवस गळायचीच, त्यांना त्याची फिकीर नसायची. तिसऱ्या दिवशी फळ्या फुगून एकमेकींना भिडायच्या आणि होडी कोरडी व्हायची.

माझं हायस्कूल पल्याड होतं. तीन वर्षं आप्पांनी मला नदीपार सोडलं. होडी भरलेली असली तरी मी दिसलो की ते ओरडायचे, "सरका रं, शाळा चालली." जणू शाळाच दप्तर घेऊन धावत येतेय. दहावीच्या परीक्षेत तर ते होडी भरायची वाटही बघायचे नाहीत. अख्ख्या होडीत मी एकटा. पेपरला निघालेला मी त्यांच्याकडं तोंड करून बसायचो आणि मनातल्या मनात व्याख्या म्हणायचो. ते वल्हं थांबवून विचारायचे, "आलं का ध्यानात?" मी मान हलवली की वल्हं पुन्हा चालायचं. आमच्या घरात माझ्याआधी कुणी सातवीच्या पुढं गेलं नव्हतं. मी पदवीधर झालो त्यात पुस्तकांचा वाटा किती आणि त्या वल्ह्याचा किती, हे मला आजही सांगता येणार नाही.

लाकडी होडी एका पुरात गेली, आणि पंचायतीनं कुठल्याशा धरणावर लोकांना फिरवून म्हातारी झालेली फायबरची होडी आणली. तिच्या कुशीवर पुसट झालेला सातचा आकडा होता. आप्पांना ती कधीच आवडली नाही. बोटांनी टकटक करून ते म्हणायचे, ही होडी न्हाय, बादली हाय. पण बेंदराला ते तिलाही सजवायचे. आमच्याकडचा बेंदूर ज्येष्ठात येतो. ज्याच्या दावणीला बैल आहेत तो बैल धुतो, शिंगं रंगवतो. आप्पांना बैल नव्हते. ते होडी धुवायचे, तिच्या नाकाडाला तांबडा हुरमुंज लावायचे, सगळ्या अंगावर एक रंगाचा हात द्यायचे, पुरणपोळीचा तुकडा तिच्या टोकाला टेकवून नदीत सोडायचे, आणि मग होडी पाण्यात जायची. बेंदरापर्यंत तिची सगळी डागडुजी उरकलेली लागायची.

ज्या वैशाखाबद्दल मी लिहितोय, त्या वर्षी मी बी.ए.च्या शेवटच्या वर्षाची परीक्षा देऊन गावी आलो होतो. कॉलेजच्या सुट्ट्यांत मी बेळगावला उद्यमबागेतल्या एका शेडमध्ये फायबरची दारं आणि टाक्या घासायला जायचो. घासता घासता फायबर जोडणारं रेझिन कालवायलाही शिकलो. होडीची मोरी मागच्या पावसाळ्यापासून झिरपत होती. नाण्यानं मागच्या फळीवर वाजवत गेलो, तर सगळीकडं टणटण यायचं आणि मोरीजवळ आलं की भद्द. मला कारण कळलं. त्या फळीत फायबरच्या दोन पापुद्र्यांमध्ये प्लायवूड असतं. ज्यानं कुणी ते भोक पाडलं होतं, त्यानं प्लायवूडची कड उघडीच ठेवली होती. वर्षानुवर्षं तिनं पाणी पिऊन घेतलं होतं. स्क्रूड्रायव्हर घातला तर आतून चहाचा चोथा यावा तसं काळपट ओलं लाकूड आलं.

मी आप्पांना सांगितलं, हे मी करतो. माझ्याकडं त्या माणसाला द्यायला दुसरं काय होतं?

सडलेलं सगळं कोरून काढलं. कोरडं, पिवळं, चांगलं लाकूड लागेपर्यंत कोरलं. मग होडी उन्हाकडं पाठ करून आठ दिवस वाळवली. आप्पा रोज येऊन उभे राहायचे. "किती वाळवतोस? पापड हाय व्हय त्यो?" नवव्या दिवशी रेझिनमध्ये पावडर आणि फायबरचे बारीक तुकडे घालून लापशीसारखं घट्ट कालवलं आणि त्या पोकळीत ठासून भरलं. ते घट्ट होऊ लागलं की आपोआप तापतं. भांडं हाताला गरम लागायला लागलं तेव्हा मी ते आप्पांच्या हातात दिलं. त्यांनी चमकून माझ्याकडं पाहिलं. दुसऱ्या दिवशी पाण्याच्या मोटारीच्या खोलीतून वायर ओढून ड्रिल लावलं आणि त्या नव्या दगडासारख्या भागाच्या बरोबर मध्ये भोक पाडलं, म्हणजे पाणी आता लाकडापर्यंत पोचणारच नव्हतं. भोकात सीलंट लावून पितळी नळी बसवली, तिच्या दोन्ही कडा ठोकून बाहेर वळवल्या. आत रबराचं बूच, पिळलं की फुगणारं.

मग होडी दगडांवर सरळ ठेवून घागरीनं पाणी भरलं. आई, माझा चुलतभाऊ बंडू, आणखी चारपाच जण बघत होते. आप्पा वाकले. मोरीखाली हात धरला. बराच वेळ धरला. मग तळहात उलटा करून पाहिला आणि म्हणाले, "कोरडं हाय."

ते दोन शब्द मला पदवीच्या कागदापेक्षा मोठे वाटले. रंगाला म्हणून मी बेळगावहून निळ्या ऑइलपेंटचा डबा आणला होता. एरवी आप्पा हिरवाच द्यायचे. या वर्षी माझ्यासाठी निळा देतो म्हणाले. मी पुढच्या शिक्षणाचे फॉर्म भरायला बेळगावला गेलो आणि बेंदरादिवशी परतलो. होडी निळी झाली होती. मोरी रंगाखाली गडप, आतल्या बाजूनं तिच्यावर गोणपाट ठोकलेलं. मी विचारलं तर आप्पा म्हणाले, पोरं बूच काढून खेळत्यात, म्हणून घट्ट लावून वरनं रंग मारलाय. मला ते शहाणपणाचं वाटलं. मी पोळीचा तुकडा होडीच्या टोकाला टेकवला.

श्रावणात नदी तुंबलेली असताना एका सकाळी वखारीला निघालेल्या बायका घेऊन होडी मधोमध गेली आणि मागून पाणी घ्यायला लागली. माझी आई त्यात होती. तिनं जेवणाच्या डब्याचं झाकण घेऊन पाणी उपसलं. आप्पांनी सगळी ताकद लावून होडी काठाच्या दगडांवर नेऊन आदळली म्हणून सगळ्या वाचल्या. पण आदळताना आईबरोबर वखारीत जाणाऱ्या तानूआक्काचा पाय होडी आणि दगडाच्या मध्ये सापडला. ती आजही त्या पायानं लंगडते.

मी बेळगावात होतो. निरोप मिळाल्यावर गावी आलो तोवर मोरीवर डांबराचा जाड थर बसला होता. काठावर माणसं जमली होती. आप्पांनी मला बघितलं आणि शांतपणे सांगितलं, "तुजं त्ये रेझिन तडाकलं रं."

मग एकजण बोलला आणि सगळेच बोलले. पुस्तकात बघून होड्या बुजवत्यात व्हय? चार बुकं शिकला म्हणून नदीला शिकवाय गेलता. मी तानूआक्काच्या घरी जाऊन तिच्या पायावर डोकं ठेवलं. ती प्लास्टरकडं बघत राहिली. आणि आप्पांनी सगळ्यांसमोर माझ्या पाठीवर हात ठेवला. पोरगं हाय, शिकंल, म्हणाले. त्या हाताच्या वजनानं मला रडू आलं. मी त्यांचा आधीच ऋणी होतो. त्या दिवसापासून त्यांच्या माफीचाही ऋणी झालो.

लोक पुढं विसरले, पण टोपणनाव राहिलं. मी शिक्षक झाल्यावर ते पुरतं बसलं: बूच मास्तर. प्रेमानंच म्हणतात. लग्नात, जत्रेत, एसटीत. मीही हसतो. पण खानापूरच्या घरात मी खिळा ठोकायला माणूस बोलावतो. नळ टिपकायला लागला तर बायको माझ्याकडं बघत नाही, सरळ प्लंबरला फोन करते. शाळेत मुलांनी पुठ्ठ्याची घरं केली तर डिंक लावायला मी पुढं होत नाही. हात आहेत, पण ते खडू धरायला. दुसऱ्या कुठल्या कामाला त्यांच्यावर भरवसा टाकायचा नाही, हे मी स्वतःशी ठरवून टाकलं होतं, आणि ठरवलंय हेही विसरून गेलो होतो.

मग पूल झाला. होडी त्याआधी दोनतीन वर्षं डांबराच्या ठिगळावर उथळ पाण्यातून ये-जा करायची, पुलानंतर बाभळीखाली पालथी पडली. पालथ्या होडीवर पोरं घसरगुंडी खेळायची, शेळ्या चढायच्या. दर वैशाखात मी गावी आलो की लांबूनच तिच्याकडं बघायचो. जवळ गेलो नाही.

या वर्षी बंडूनं ती पंचायतीकडून मागून घेतली. बोअरजवळ म्हशींना पाणी पाजायला हौद पाहिजे होता. सरळ करून दगडांच्या दोन रांगांवर ठेवली, पाणी सोडलं, तर मागून धार लागली. बंडू हसत घरी आला. "बूच मास्तर, चला. तुमचंच काम हाय त्ये."

मी नाही म्हणणार होतो. पण आई उंबऱ्यात बसून शेंगा फोडत होती आणि ती एकदम म्हणाली, कशाला, दुसरं कुणीतरी करील. तिच्या आवाजात काहीतरी होतं. त्या आवाजामुळंच मी उठलो.

उन्हानं डांबर मऊ झालं होतं. उलथन्यानं ते सालीसारखं निघालं. डांबराखाली निळा रंग होता. मी आणलेला, एकाच बेंदराला लागलेला निळा. मी नखानं तो खरवडला. निळ्याखाली माझी पितळी नळी असायला हवी होती. तिथं लाकूड होतं.

बाभळीची खुंटी. चिंधी गुंडाळून ठोकलेली, वरून करवतीनं सपाट कापलेली. आणि तिच्याभोवती मी भरलेलं रेझिन, जिथून खुंटी फुगली होती तिथून तीन ठिकाणी बाहेरपर्यंत चिरलेलं. लाकडी होडीत खुंटीबरोबर फळीही फुगते, दोघी एकमेकींना आवळतात. इथं फुगणारी एकटी खुंटीच होती, आणि तिच्याभोवती न फुगणारा दगड. तुजं रेझिन तडाकलं, हे आप्पांचं वाक्य खरं होतं. एका शब्दानंही खोटं नव्हतं.

मी तिथंच बसलो. बोअरजवळच्या बाभळीवर कावळा होता. बंडू काहीतरी विचारत होता. मला एवढंच आठवत होतं की त्यांनी हात धरला होता. पाणी भरल्यावर मोरीखाली हात धरून, तळहात उलटा करून पाहिला होता. त्यांना माहीत होतं.

आप्पा आता घरासमोरच्या कट्ट्यावर असतात. चालायला काठी लागते. मी समोर जाऊन खुंटी त्यांच्या पुढ्यात ठेवली. त्यांनी ती ओळखायला वेळ लावला नाही. काठी जरा आपल्याकडं ओढून घेतली, आणि म्हणून माझं लक्ष काठीकडं गेलं. तिच्या टोकाला झिजू नये म्हणून चढवलेली पितळी नळी. एका कडेला ठोकून वळवल्याची खूण अजून होती. किती वर्षं मी ती काठी दगडावर वाजताना ऐकत होतो, आणि आप्पा आले म्हणून उठून उभा राहत होतो.

मी विचारलं, कोरडं होतं ना?

"व्हतं," ते म्हणाले. "पर रबर व्हतं त्ये. पंदरा बायका बसत्यात. माजं मन घेईना."

मी म्हटलं, ते समजतं. लाकडाचा माणूस रबरावर भरवसा कसा ठेवील. पण नंतर? काठावर सगळे मला बोलत होते तेव्हा?

ते सरळ माझ्याकडं बघून बोलले. त्या आवाजात लाज नव्हती. हिशेब पटवून द्यावा तसे बोलले. "तुज्यावर बोल आला तर तू बेळगावला जाशील. शिकलेला हैस. माज्यावर आला असता, तर होडीत कोण बसलं असतं रं?" आणि काठी आमच्या घराकडं रोखून, "तुज्या आईला इचार. तिला ठावं हाय."

घरी आलो तेव्हा आईच्या सुपात शेंगा तशाच होत्या. मी काही विचारायच्या आधीच तिनं सांगितलं. पाणी उपसताना गोणपाट निघून आलं होतं. तिनं खुंटी बघितली होती. ज्या दिवशी मी तानूआक्काच्या पायावर डोकं ठेवलं, त्या दिवशी ती माझ्या शेजारी उभी होती, आणि तिला माहीत होतं.

"तीन वरसं त्येनं तुला पल्याड सोडलं," ती म्हणाली. "तुज्यासाठी होडी रिकामी नेली. आपल्याकडं काय व्हतं रं त्येला द्यायला?"

म्हणजे तिनं मलाच देऊन टाकलं होतं. मी आप्पांची परतफेड शोधत होतो रेझिनात, आणि आईनं ती केव्हाच करून टाकली होती, मला न विचारता, माझंच नाव देऊन. मला तिच्यावर ओरडताही आलं नाही. तिच्या बोटांना आजही तंबाखूचा पिवळेपणा आहे. तिनं दिलेलं सगळं मी मुकाट घेत आलोय. हेही त्यातलंच एक, असं म्हणायला गेलो तर ते घशाखाली उतरत नाही. अजूनही उतरत नाही.

दुसऱ्या दिवशी मी निपाणीला जाऊन रेझिन आणलं. बंडूला आश्चर्य वाटलं. चिरलेला भाग सगळा कोरला, सडलेलं काढलं, वाळवलं. या वेळी कुणी पापड म्हणून विचारलं नाही. भरलं. भांडं हातात गरम झालं तेव्हा कळलं, माझे हात काम विसरले नव्हते. पंधरा वर्षं त्यांना मी उगाच वाळीत टाकलं होतं. भोक पाडलं, नवी नळी बसवली, बूच पिळलं.

बंडूनं बोअर सुरू केला. होडी काठोकाठ भरली. तिच्या निळ्या-हिरव्या पापुद्र्यांवरून ऊन हलायला लागलं, आणि पहिल्यांदाच मला वाटलं, आयुष्यभर पाण्यावर राहिलेली ती होडी आता पाणी पोटात घेऊन बसलीय. आप्पा आले. दगडावर बसले. तेवढ्यात तानूआक्का आपली म्हैस घेऊन लंगडत आली. म्हशीनं तोंड बुडवलं.

"बूच मास्तर," तानूआक्का म्हणाली, "ह्या खेपंला तरी ऱ्हाईल न्हवं?"

ती हसत होती. मी खिशातून खुंटी काढली आणि होडीच्या काठावर, तिच्यासमोर ठेवली. तिनं उचलून पाहिली. वरचा निळा रंग, कडेची कुजकी चिंधी. "ह्ये काय गं बाई?" ती म्हणाली. मी आप्पांकडं पाहिलं. आता पूल आहे. आता होडीत कुणाला बसायचं नाही. एका वाक्याची जागा मी त्यांना मोकळी करून दिली होती, जशी ते माझ्यासाठी होडीत करायचे.

आप्पांनी खुंटीकडं पाहिलं, तानूआक्काच्या पायाकडं पाहिलं. माझ्याकडं पाहिलं नाही.

"बाभूळ हाय ती," ते म्हणाले. "चुलीत चांगली जळतीया."

तानूआक्कानं खुंटी ओच्यात टाकली. म्हैस पाणी पीत राहिली. आप्पा उठले, आणि पुलाकडच्या फरशीवरून काठी टक् टक् वाजत लांब गेली. मी खाली वाकलो आणि मोरीखाली हात धरला.

कोरडं होतं.